वाटीच्या बुडाची पेज

“आता तुमीच सांगा केळकर साहेब. सकायी चुलीवरून उतरवली, निववली, मोजली, तं सत्तर सेकंद. अन् वाटीच्या बुडाले पोचेपर्यंत पंधरा! हे पेज हाय का भूत हाय?”

केळकरांनी चष्मा कपाळावर सारला. “पेज? उमाठे, तुम्ही वार्निशबद्दल विचारताय ना?”

“वार्निशचं काय विचारू? त्या म्हशीले मी सव्वीस वर्सं दोहून राह्यलो, तिची लाथ मले मालूम हाय. पेजेचंच विचारतो. तांदयाची पेज. गायून घेतलेली.”

“आणि ती तुम्ही कपानं मोजलीत?”

“मंग काय कानानं मोजू?”

केळकर हसले नाहीत. नीळकंठ उमाठ्याच्या घरी दोन महिन्यांपासून काय चाललं आहे, ते कारखान्यातल्या वार्निश शॉपपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी समोरची काचेची नळी स्टँडला लावली, हात पुसले आणि स्टूल पुढे ओढलं. “बसा. पहिल्यापासून सांगा.”

भालचंद्र केळकर कारखान्याच्या लॅबोरेटरीतले केमिस्ट. पुण्याहून बदलून आलेले, आणि भोपाळात वीस वर्षं काढूनही ज्यांच्या मराठीला हिंदीचा शिंतोडा उडाला नाही असे. उमाठ्याचं उलटं. त्याची बोली मोर्शीकडची, आणि तिच्यात भोपाळची हिंदी अशी मुरलेली, की गावी गेला की भाऊबंद म्हणत, ‘नीळकंठा, तू इंदूरचा शेठ झाला बाप्पा.’ भोपाळ आणि इंदूर गावातल्या लोकांना सारखंच.

उमाठ्याचा बाप सुतार. गावच्या बंड्या त्याच्याकडे यायच्या. चाक बसवलं की आखाला वंगण लावायचं, आणि ते वंगण बाप स्वतः घोटायचा, एरंडीच्या तेलात काजळी आणि राख घालून. नीळकंठ सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्याचं काम घोटायचं. पातळ झालं की आखावरून गळून धुळीत जायचं आणि बंडी दोन कोसांवर कुंथायला लागायची. घट्ट झालं की पौषाच्या थंडीत बैलांना बंडी ओढवत नसे. बाप दोन बोटांत वंगण धरायचा, बोटं फाकवायचा, तुटेपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, “उलीसं तेल घाल.” शाळेत न शिकवलेली ही विद्या अंगात घेऊन नीळकंठ अमरावतीला आय.टी.आय. झाला आणि चौसष्ट साली भोपाळच्या ह्या सरकारी कारखान्यात लागला.

कारखान्यात विजेच्या मोठाल्या मोटारी बनत. तांब्याच्या तारांची गुंडाळी तयार झाली की ती भट्टीत तापवायची, वार्निशच्या टाकीत बुडवायची, निथळून पुन्हा भाजायची. वार्निश तारातारांच्या फटीत जाऊन बसलं पाहिजे. पातळ असलं तर ओघळून जातं, घट्ट असलं तर आत शिरत नाही, वरच्यावर सायीसारखं धरतं. म्हणून रोज सकाळी टाकी ढवळून वार्निशची परीक्षा. बुडाला बारीक भोक पाडलेला एक कप असतो. भोकावर बोट ठेवून तो काठोकाठ भरायचा, बोट काढायचं, आणि धार सलग पडते आहे तोवर घड्याळ बघायचं. धार तुटली की मोजणं थांबलं. इतके सेकंद. हिवाळ्यात सेकंद वाढतात, मे महिन्यात घटतात, त्याप्रमाणे थिनर घालायचं. नव्या पोरांना हे शिकायला सहा महिने लागत. उमाठ्यानं पहिल्याच आठवड्यात दोन बोटं वार्निशमध्ये बुडवून सांगितलं होतं, “चाळीस येईन.” एकेचाळीस आले होते. तेव्हापासून वार्निश शॉप त्याचंच.

आणि मग एकोणीसशे नव्वदच्या फाल्गुनात रत्नप्रभा अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांखाली पडली.

डावं अंग गेलं. बोलणं गेलं, तीन-चार शब्द तेवढे मागे राहिले. ‘हाव’, ‘नोको’, ‘पानी’. सेहेचाळीस वर्षांची बाई. सांडग्यांचं पीठ भिजवता भिजवता शेजारच्या लीलाबाई जोश्यांना हसवून लोळवणारी. ती आता उशीला टेकून बसायची आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळायची.

कारखान्याच्या हॉस्पिटलात पहिल्याच आठवड्यात तिच्या छातीत पाणी गेलं. निमोनिया. त्यातून उठली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी उमाठ्याला बाजूला घेतलं.

“देखिए, इनका गला अब टाइम पे बंद नहीं होता. पतली चीज़ भागती है, सीधे फेफड़े में जाती है. पानी नहीं, चाय नहीं, दाल का पानी भी नहीं. गाढ़ा दीजिए. शहद जैसा.”

“कितना गाढ़ा?”

“बोला न, शहद जैसा.”

“शहद जाड़े में अलग, गरमी में अलग,” उमाठे म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे जरा बघितलं. “आप समझते हैं, अच्छी बात है. एक बार फिर छाती भरी, तो नाक से नली डालनी पड़ेगी.”

हे रत्नप्रभानं ऐकलं. तिच्या बापाला अमरावतीच्या दवाखान्यात तीन महिने नाकात नळी होती. ती उशाशी बसून होती तेव्हा. त्यानंतर ती कितीदा म्हणाली असेल, “माह्या बापाले पोत्यासारखा भरला त्याईनं. वरून वतायचं, खाली धुवायचं. माह्यावर अशी पाळी आली तं मले सरळ पानी पाजून मारजा.” आता तिनं उजव्या हातानं नवऱ्याचं मनगट पकडलं. उजव्या हातात जोर होता अजून.

“नयी नोको,” ती म्हणाली.

“नाही टाकू देत,” उमाठे म्हणाला. “माह्यावर सोड.”

सांगायची गोष्ट एवढीच, की त्याला खरंच वाटलं होतं की हे आपल्या हातातलं काम आहे. जगातल्या सगळ्या दुखण्यांतून बायकोच्या वाट्याला नेमकं असं दुखणं आलं, की ज्याचं मर्म पातळ किती आणि घट्ट किती ह्यात आहे. हे त्याला नाही कळायचं तर कोणाला?

मुलगी कांचन नागपूरहून आली होती, तिची लेकरं सोडून तीन आठवडे राहिली. तिला हबीबगंज स्टेशनवर गाडीत बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी उमाठ्यानं स्टीलचा एक नवा पेला शॉपमध्ये नेला. टूलरूममधून बुडाला बरोब्बर चार मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं, शॉपच्या कपाशेजारी ठेवून एकाच तेलानं दोन्ही मोजले, जुळवले. सुटी झाल्यावर गेटवर शिपायानं पिशवीत हात घातला.

“उमाठे जी, ये गिलास में छेद? पानी कैसे पियोगे?”

“पीना नहीं है. नापना है.”

“क्या नापना है?”

“घरवाली का खाना.”

शिपाई थोडा वेळ पेल्यातून त्याच्याकडे बघत राहिला. भोकातून एक डोळा दिसत होता. मग म्हणाला, “जाओ भाई. औरत का खाना नापने वाला पहला आदमी देखा.”

पहिले आठ दिवस नुसती चाचपणी. तांदळाची पेज शिजवायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, निववायची आणि मोजायची. पन्नास सेकंदांच्या खाली तिला ठसका लागे. नव्वदच्या वर गेली की तिची जीभ ती मागे लोटू शकत नसे, घास तोंडातच बसून राही. सत्तर हा आकडा बसला. मग कळलं की गरम असताना चाळीस भरणारी पेज निवल्यावर ऐंशीला जाते. ताप मोजायचं थर्मामीटर त्यासाठी कमी पडलं, तेव्हा शॉपमधलं जुनं आणलं. सकाळी सहाच्या भोंग्याआधी एक वाटी, मधल्या सुटीत सायकल हाणत येऊन दुसरी, संध्याकाळी तिसरी. मधल्या वेळात लीलाबाई बसत.

आणि रोज वाटी संपत आली की शेवटच्या चार-पाच चमच्यांना ठसका.

वरची पेज सुरळीत जायची. बुडाची नाही. चेहरा लाल व्हायचा, डोळे बाहेर यायचे, आणि तो तिला पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारत बसायचा. एका दुपारी त्यानं उरलेली बुडाची पेज पेल्यात ओतली आणि मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धरला. पंधरा. म्हणजे जवळजवळ पाणीच. त्याच्या अख्ख्या आयुष्यात उघड्या हवेत ठेवलेली वस्तू घट्टच होत आली होती. वार्निश, वंगण, पिठलं, डांबर. ठेवल्या ठेवल्या पातळ झालेलं काही त्यानं पाहिलं नव्हतं.

म्हणून तो आज केळकरांसमोर बसला होता.

“हं,” केळकर म्हणाले. “भरवता कसं? मला नीट करून दाखवा.”

“कसं म्हंजे? वाटी हातात, चमचा हातात.” उमाठ्यानं रिकामी मूठ वर केली. “चमचा भरला, माह्या व्हटाले लावला, गरम हाय का, गुठळी हाय का पाह्यली. मंग तिच्या तोंडात. मंग पुन्हा वाटीत.”

“तोच चमचा?”

“तोच. दुसरा कोनाचा?”

“म्हणजे तुमचं उष्टं, तिचं उष्टं, सगळं त्याच वाटीत.”

उमाठ्याचा चेहरा जरा बदलला. ह्यावरून लीलाबाईंनीही त्याला छेडलं होतं. ‘अहो उमाठे, नव्या नवरदेवासारखे एका वाटीत काय जेवताय!’ त्या घरी गोष्ट अशी होती की लग्न झाल्यापासून रत्नप्रभा नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवत आली. सासूनं घालून दिलेली रीत. गावी एक वेळ समजू शकतो, पण कॉलनीत, मांडणीवर डझनभर स्टीलची ताटं असताना, त्याचं जेवण झालं की ती त्याच ताटात वाढून घ्यायची. तो पसरून रेडिओ ऐकायचा. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या मनात त्याबद्दल काही आलं नाही. ती पडल्यावर आलं. पहिल्यांदा तिच्या वाटीतला चमचा ओठाला लावला त्या दिवशी तिनं त्याच्याकडे अशी नजर केली होती, की पुढं त्यानं तो रिवाजच करून टाकला. हे केळकरांना काय सांगणार?

“अठ्ठावीस वर्सं तिनं माह्यं खाल्लं,” तो एवढंच म्हणाला. “आता माही पाळी.”

केळकर उठले. कँटीनमधून मागवलेल्या भाताची पेज त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर केली, गाळली, निववली, दोन काचपात्रांत सारखी ओतली. एक स्वच्छ चमचा उमाठ्याला दिला. “हा तोंडात घाला. आता डावीकडच्या पात्रात ढवळा. पुन्हा तोंडात. पुन्हा ढवळा. असं दहा वेळा.” उजवीकडच्या पात्रात त्यांनी स्वतः काचेची कोरडी कांडी तितक्याच वेळा फिरवली. मग पंधरा मिनिटं दोन्ही पात्रं तशीच ठेवली. लॅबोरेटरीतला पंखा कुरकुरत होता.

उजवीकडची अडुसष्ट सेकंद. डावीकडची एकोणीस.

उमाठ्यानं पुन्हा मोजायला लावलं. सतरा.

“आता ऐका,” केळकर म्हणाले. “घट्ट आणि पातळ म्हणजे काय? द्रवाचे कण एकमेकांना किती धरून ठेवतात, एवढंच. पाण्याचे कणही धरतात, पण धरतात आणि लगेच सोडतात, म्हणून पाणी पळतं. तुमच्या शॉपमधला लाल इनॅमल रंग घ्या. त्यातले रंगाचे कण रात्रभर एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात, पुंजक्यांची जाळी होते आणि तेल त्या जाळीत अडकून बसतं. सकाळी बघावं तर दही. तुम्ही ढवळलंत की जाळी तुटते, पातळ होतं. ठेवलंत की परत जुळते.”

“हे तं मले मालूम हाय. कण नव्हते मालूम, पन हे मालूम हाय.”

“पेजेत तांदळाचे कण फुगतात आणि त्यांच्यातून लांबच लांब साखळ्या सुटतात. एकमेकींत गुंततात, सुताच्या गुंत्यासारख्या. तो गुंता म्हणजे तुमचे सत्तर सेकंद. आणि लाळ ही कात्री आहे, उमाठे. ती साखळीच कापते. तुकडे झाले, गुंता सुटला, पाणी झालं. इनॅमलसारखं हे ठेवून परत जुळत नाही. कापलं ते कापलं.”

उमाठे डावीकडच्या पात्राकडे बघत होता. त्यात दोन-तीन बुडबुडे होते.

“म्हंजे ठसका मीच लावत होतो,” तो म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत.”

“माह्यी माय सांगे, उष्टा चमचा भांड्यात घालू नोको, अन्नाचं पानी होते. मी म्हनो, बुढी येडी हाय.”

केळकरांनी दोन्ही पात्रं बाजूला सारली. “चमचे बदला,” ते म्हणाले. “छोट्या वाट्या करा. चमचा एकदा तोंडात गेला की तो परत वाटीत नाही.”

घरात तेरा चमचे निघाले, लीलाबाईंनी स्वतःचे अकरा आणून दिले. खाटेशेजारी स्टुलावर डावीकडे धुतलेले, उजवीकडे वापरलेले. एक घास, एक चमचा. ओठाला लावणं बंद. तापमान थर्मामीटरनं. पहिल्या दिवशी रत्नप्रभानं घास घेतला आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. तो चमचा ओठाला का लावत नाही, ते तिला कळेना. त्यानं समजावून सांगितलं, लाळ, साखळी, कात्री. ती ऐकून घेतल्यासारखी बघत राहिली. मग तोंड उघडलं.

बारा दिवस एक ठसका लागला नाही. वजन पाव किलोनं वाढलं. उमाठे शॉपमध्ये शीळ घालायला लागला, तेव्हा फोरमन म्हणाला, “क्या बात है, वार्निश पी के आए हो?”

पण मे महिना उजाडला. ऊन चढलं तशी ती पाणी मागायला लागली.

“पानी.”

“देतो ना.” तो साबुदाणा शिजवून गाळलेलं, सत्तर सेकंदांचं, माठाच्या पाण्यात भांडं ठेवून गार केलेलं घेऊन यायचा. पहिला चमचा ती घ्यायची. मग तोंड फिरवायची.

“हे नोको. पानी.”

“अवं, हे पानीच हाय. नुसतं थोडं जड केलं.”

“पानी,” ती म्हणायची, आणि उजवा हात माठाकडे करायची.

त्यानं माठ उचलून मागच्या अंगणात नेला. तरी ओगराळ्याचा आवाज आत यायचाच. लीलाबाई म्हणाल्या, “उमाठे, एक घोट द्या हो. काय होतंय एका घोटानं?” त्यावर तो त्यांच्या अंगावर इतक्या मोठ्यानं ओरडला की त्या दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि काही न बोलता चमचे धुवायला बसल्या. तिच्यासमोर तो स्वतः पाणी पिईनासा झाला. कारखान्यात जाऊन नळाला तोंड लावायचा.

ताप आला तो एका रविवारी. घास तर कुठे चुकला नव्हता. त्यानं टॉर्च आणून तिचं तोंड उघडलं, आणि डाव्या गालात बोट घातलं. मेलेला गाल पिशवीसारखा लोंबत होता, आणि त्या पिशवीत सकाळची पेज साठून होती. तिची तिलाही खबर नव्हती. बोटावर जे आलं ते नुसतं पाणी. जिभेच्या कडेनं ते थेंबथेंब मागे सरकत होतं, आणि ती बिचारी ठसकतही नव्हती आता. ठसकायची ताकद संपली होती.

गोळ्यांनी तो ताप दोन दिवसांत उतरला. बुधवारी तो लॅबोरेटरीत गेला, पण स्टुलावर बसला नाही.

“साहेब, वाटीतलं भांडन मिटलं. पन वाटी तिच्या गालात हाय. थो चमचा कसा बदलू?”

केळकरांनी बराच वेळ पुस्तकं चाळली. “लाळेनं न कापली जाणारी साखळी पाहिजे. इसबगोल बघा. पण मी डॉक्टर नाही हं, आधी त्यांना विचारा.”

विचारायच्या आधी त्यानं पेल्यात करून पाहिलं. अशोका गार्डनच्या बाजारातून इसबगोल आणलं, पाण्यात कालवलं. दुसऱ्या मिनिटाला पस्तीस सेकंद. पाचव्याला सत्तर. नवव्याला पेल्याच्या भोकातून एक थेंब लोंबत राहिला आणि पडलाच नाही. बोट घालून काढलं तर गोळा निघाला, बेडकाच्या अंड्यांसारखा. गाळून पाहिलं, कोमट पाण्यात पाहिलं, कमी घालून पाहिलं. सगळ्या खटाटोपातून हाताशी आली ती मधली तीन-चार मिनिटं. डॉक्टरीणबाई तर ऐकूनच उठून उभ्या राहिल्या. “बिल्कुल नहीं! गले में फूल गया तो दम घुटेगा.”

त्या दिवशी तो घरी आला आणि पेला हातात घेऊन दारातच बसला. लीलाबाईंनी विचारलं, काय झालं.

“काही नाही. एक पानी होते, एक दगड होते. मधात राहीन असं जगात काही दिसत नाही बाई.”

“दोन बोटांत धरून तुम्ही वार्निश ओळखता म्हणे.”

“वार्निशले मी पाहू शकतो ना. टाकीवर वाकून पाहतो. तिच्या गयात कसा वाकू?”

त्यानंतर प्रत्येक घासाला तो तिच्या गालात बोट फिरवून उरलेलं काढू लागला. तिला ते आवडत नसे, ती बोट चावायची. चावू दे म्हणायचा. शिफ्टच्या वेळी हे लीलाबाईंना सांगता येईना. ब्राह्मणाच्या बाईनं उमाठ्याच्या बायकोच्या तोंडात बोट घालायचं? त्यांनी न सांगताच घातलं. पण त्यांना ते जमेना, बोट गालाच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचंच नाही.

जूनच्या चार तारखेला दुसऱ्यांदा ताप चढला. ह्या वेळी श्वासात घरघर होती. ॲम्ब्युलन्समध्ये ती शुद्धीवर होती आणि त्याचं मनगट तिच्या उजव्या मुठीत होतं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली आणि त्याच्याकडे वळल्या. त्यांना विचारायचं नव्हतं, फक्त सांगायचं होतं. तरी त्या थांबल्या.

“उमाठे जी, आपने बहुत किया. दो महीने खींचे. और कोई होता तो हफ्ते में…”

“नली के बिना नहीं होगा?”

“आप बताइए. क्या दें, और कहाँ से दें?”

सगळे आकडे त्याला पाठ होते.

मनगटावरची तिची मूठ त्यालाच सोडवावी लागली. एकेक बोट. तो बाहेर बाकावर जाऊन बसला. आतून तिचा ‘नोको’ दोनदा ऐकू आला, तिसऱ्यांदा नुसता आवाज.

पाच दिवसांनी छाती मोकळी झाली. अँटिबायोटिकनं काम केलं, नळीनं काम केलं. रंग आला तोंडावर. लीलाबाई म्हणाल्या, “बघा, तरतरीत दिसतात.” आणि ते खोटंही नव्हतं. तिनं नळी दोनदा ओढून काढली होती, म्हणून उजवं मनगट बँडेजनं खाटेच्या दांडीला बांधलं होतं.

नर्स केरळची होती. तिनं त्याला नळीला लावायचा पंप, मोठी पिचकारीच ती, धरायला शिकवलं. “पतला करना, अंकल. एकदम पतला. गाढ़ा डालेगा तो नली जाम.”

“कितना पतला?”

“पानी जैसा.”

सकाळी पाच वाजता त्यानं घरी पेज केली. एक वाटी पेजेत दोन वाट्या पाणी. फडक्यातून एकदा गाळली, दुसऱ्यांदा गाळली. डबा घेऊन सायकलीवरून हॉस्पिटलात आला. रत्नप्रभा जागी होती. त्यानं नळीच्या तोंडाला पंपाचं नळकांडं लावलं, ते वर धरलं आणि ओतलं. काही अडलं नाही. पेज खाली उतरत गेली, डोळ्यांदेखत, भराभर. ती त्याच्याकडे बघत होती, ओठ कोरडे, त्यांना काही लागलेलं नव्हतं. नळकांडं रिकामं झालं की तो पुन्हा भरत होता. डब्यातली संपली तेव्हा दहा मिनिटंही झाली नव्हती. एवढ्याला पूर्वी पाऊण तास लागायचा, आणि तेवढा वेळ तिच्याशी बोलणं व्हायचं.

“आता दुपारी येतो,” तो म्हणाला.

तिनं डोळे मिटले.

त्यानं कापूस ओला करून तिचे ओठ पुसले. नर्सनं तेवढी परवानगी दिली होती. ओठ कापसाला चिकटून राहिले, कापूस ओढून घ्यावा लागला. मग बँडेजची गाठ फार आवळली तर नाही ना ते बोट घालून पाहिलं. लीलाबाई स्वेटरचं विणकाम घेऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या, तसा तो उठला.

भोंगा झाला तेव्हा तो गेटात शिरत होता. शॉपमध्ये भट्टीच्या दारातून धग येत होती. रेल्वेच्या ऑर्डरच्या सहा गुंडाळ्या रांगेत होत्या आणि पहिलीला उचलायची वेळ झाली होती.

“उमाठे, एक सौ दस डिग्री हो गया,” फोरमननं हाक दिली. “निकालो, भट्टी बंद है, ठंडा हो जाएगा.”

त्यानं हातमोजे चढवले, साखळीचा आकडा गुंडाळीच्या कडीत अडकवला, ओढून पाहिला, आणि वर क्रेनवाल्याला हात केला.